वायरिंग कापायचं नाही

"माझं वायरिंग कापायचं नाही," असं मी म्हटलं तेव्हा माझा आवाज चिरकला होता. तरीपण म्हटलं. चंडीगढच्या मनीमाजऱ्यातल्या त्या गॅरेजमधले पान्यांचे आवाज एकदम थांबले. बॉनेटखाली वाकलेला, हातात कटर घेतलेला तरुण इंजिनियर तसाच वाकून राहिला आणि मान वळवून म्हणाला, "भाभी जी, गाड़ी आपकी है क्या?"

गाडी माझी नव्हती. वायरिंग माझं होतं. तारेच्या पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंत माझं. ते कापलं गेलं असतं तर माझं चंडीगढमधलं राहणंही त्याच्याबरोबर गेलं असतं. हे तिथं मला आणि गॅरेजच्या मालकांना, पाजींना, सोडून कुणाला माहीत नव्हतं.

मी साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. शाळा नववीत सुटली. वडलांचा पाय मोडला, शेरडांमागं जायला कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. पुढं पाय बरा झाला, पण मला परत शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा. अठरा पूर्ण झाल्यावर मावशी मला चाकणला घेऊन गेली. तिथल्या कारखान्यात गाड्यांचं वायरिंग बनायचं. उंच तिरके फळे, फळ्यांवर आखलेल्या रेघा, रेघांवर खुंट्या. खुंट्यांमधून तारा ओढायच्या, कापडी पट्टी गुंडाळायची, टोकाला प्लग बसवायचे. प्रत्येकीला एकच काम आणि माझं काम प्लगचं. तारेच्या टोकाला पिन दाबूनच आलेली असायची. ती प्लगच्या भोकात सरकवायची, टक वाजलं की तार ओढून बघायची, मग पुढची. टक, ओढ. टक, ओढ. आमच्या लाइनच्या ताई सांगायच्या, "आवाज आला म्हणजे बसली असं नाही. ओढून बघ."

मी मुळात भित्री. कुलूप लावून निघाल्यावर परत येऊन ते हलवून बघणारी, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या जिन्यातून फिरणारी. बाकीच्या पोरींना ते ओढून बघणं जाच वाटायचा. मला वाटायचं, चला, आपल्या भीतीला कुठंतरी कामाला लावता येतंय.

एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली नव्हती. तिथं प्लग आम्हाला कायम मागूनच दिसायचा, जिकडून तार आत शिरते त्या अंगानं. आमच्या फळ्यांवरची चित्रंसुद्धा मागूनच काढलेली. पुढून प्लगचं तोंड कसं दिसतं, तो कशात जाऊन बसतो, बसल्यावर काय चालू होतं, यातलं काही आमच्या वाट्याला नव्हतं. एवढी वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, पण त्यातली एकही गाडी चालू झालेली मी पाहिली नाही.

लग्न झालं, नवरा फौजेत, त्याच्या बदलीबरोबर चंडीगढला आले. छावणीत क्वार्टर मिळालं. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि दुपारी मला करायला काही उरेना. एकदा नवऱ्याच्या मोटारसायकलला आरसा बसवायला मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात गेलो. शेजारच्या गॅरेजात एक म्हातारे सरदारजी एका गाडीच्या डॅशखालच्या दोन तारा हातानं पिळून त्यावर टेप मारत होते. मला राहवलं नाही. माझ्या तेव्हाच्या हिंदीत म्हटलं, "पाजी, ये जून की गरमी में निकल जाएगा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू कौन? बिजली दफ्तर से आई है?"

"नहीं जी."

"तो फिर आ, तू कर. जून में मैं देख लूँगा."

नवरा माझं कोपर धरून "चल गं, चल" करत होता. मी तार सोलली, जोड दाबला, नीट गुंडाळला आणि सवयीनं ओढून बघितला. मग त्यांनीही ओढून बघितला. "कल आ जाना, पुत्तर," म्हणाले. नवऱ्याला ती गंमत वाटली. मी दुसऱ्या दिवशी गेले.

कितवी शिकलीस, हे पाजींनी मला कधीच विचारलं नाही. तोवर मला भेटलेल्या प्रत्येकानं आधी तेच विचारलेलं होतं, आणि उत्तर ऐकल्यावर आवाज बदललेला होता, लहान मुलाशी बोलावं तसा. पाजी पहिल्या दिवशी माझ्यावर जसे ओरडले तसेच पुढंही सगळ्यांवर ओरडत राहिले. त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. पण उपकार मानणं म्हणजे मान खाली घालून हो म्हणणं, असं ज्यांना वाटतं त्यांचं माझं पटत नाही. पाजींचंही त्यांच्याशी पटलं नसतं.

वायरिंगचं काम निघालं की ते मला फोन करायचे, मी बसनं जायचे, मुलीची शाळा सुटायच्या आत परतायचे. असं बरं चाललं होतं. मग त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदमच आल्या.

पहिली म्हणजे नवऱ्याची बदली. फील्डला. तिथं बायकापोरांना नेता येत नाही, आणि इथलं क्वार्टर सोडायचं. अशा वेळी आमच्याकडं सगळे जे करतात तेच आम्ही करायचं होतं. काळ्या लोखंडी पेट्यांत संसार भरायचा, पेट्यांवर पांढऱ्या रंगानं नाव-गाव छापायचं, ट्रकनं सामान गावी, मागोमाग बायको गावी. छावणीत दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या दारात अशा पेट्या दिसतात. त्या पेट्यांमागोमाग गेलेल्या बायका परत आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"मी इथंच राहते," मी नवऱ्याला म्हटलं.

"इथं म्हणजे कुठं?"

"मनीमाजऱ्यात. खोली घेऊन."

तो हसला असता तर मला भांडता आलं असतं. तो हसला नाही. म्हणाला, "अगं, पाजी तुला काम निघालं की बोलावतात. एखाद्या महिन्यात बोलावलंच नाही तर? मी तिकडं अशा जागी की फोन लागंल न लागंल. पोरीला घेऊन तू कशी निभावशील? हे बघ, पक्की नोकरी असंल तर राहा, आईला मी समजावतो. नसंल तर गावी. यात माझं काय चुकतंय सांग."

त्याचं काही चुकत नव्हतं. माझी पंचाईत तीच होती.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टर मॅडमची गाडी. सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर, गाडी जुनी, वडलांकडून आलेली. इंजिन ठणठणीत, पण इंजिन चालवणारा कॉम्प्युटर मेला होता आणि तसला कुठंच मिळत नव्हता. भंगारातून आणून लावलेलाही चौकात दगा द्यायचा. पाजींनी ठरवलं की बाहेरून कोरा कॉम्प्युटर आणून बसवायचा. गाडीबरोबर येतो तो कॉम्प्युटर कंपनीनं पढवून पाठवलेला असतो. याला काहीच येत नसतं. त्याला लॅपटॉप लावून एकेक गोष्ट शिकवायची, पेट्रोल कधी किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची. हे असले कॉम्प्युटर शर्यतीच्या गाड्यांना लावतात. रोज हॉस्पिटलला जाणाऱ्या बाईंच्या गाडीला लावायचा म्हटल्यावर मार्केटात हसू झालं.

मी पाजींकडं गेले आणि बदलीचं सांगितलं. पक्कं ठेवाल का, हे विचारताना त्यांच्याकडं न बघता समोरच्या बॅटरीकडं बघत होते.

पाजी हात पुसत राहिले. मग म्हणाले, "देख पुत्तर, ऐसा काम मैंने भी पहली बार पकड़ा है. ये गाड़ी चल गई तो ऐसे काम और आएँगे, और वायरिंग सारी तेरी. पक्का रख लूँगा. नहीं चली, तो मैं तुझे झूठ क्यों बोलूँ?"

म्हणजे गाडी चालू झाली तर नोकरी, नोकरी असली तर चंडीगढ. नाही तर पेट्या.

कॉम्प्युटरला शिकवायला मोहालीचा एक इंजिनियर येणार होता. पोरगा हुशार, तोंडानं फटकळ, चहात साखर जास्त घेणारा. त्याचं म्हणणं होतं, गाडीचं जुनंच वायरिंग ठेवू, जिथं लागेल तिथं कापून नव्या कॉम्प्युटरला जोड मारू, लवकर होईल. मी जुनी तार वाकवून दाखवली. वरचं आवरण पापडासारखं तडकलं. "जोड मारायला आधी तार तर पाहिजे," मी म्हटलं. पाजी म्हणाले, "नया बना."

मी प्लायवूडचा तुकडा मागितला, खिळे मागितले. इंजिनवरून सुतळी फिरवून कुठली तार किती लांब लागेल ते मोजलं, सुतळ्या प्लायवूडवर अंथरून रेघा मारल्या आणि चाकणचा फळा मनीमाजऱ्यात उभा केला. सरदारजींच्या गॅरेजात भिंतीला टेकवलेला खिळ्यांचा फळा बघून येणारी-जाणारी गिऱ्हाइकं विचारायची, "ये क्या, स्वेटर बुन रहे हो?" पाजी सांगायचे, "हाँ, इंजन को ठंड लगती है."

कॉम्प्युटर आत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं बसवला, तिथं पाणी नाही, इंजिनचा ताप नाही. एकदा डॅशखाली उताणी पडून एक पिन सरकवत होते ती काही केल्या बसेना. "कुठं तडमडलीस गं बाई," मी तिला म्हटलं. बाहेरून कुणीतरी विचारलं, "कोण तडमडलं?"

मी बाहेर आले तर डॉक्टर मॅडम उभ्या. मूळच्या नाशिकच्या, हे तेव्हा कळलं. "गाडीच्या पोटातून मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं बाई," त्या म्हणाल्या. मग गाडीला हात लावून, "चालेल ना गं ही? चौकात बंद पडते आणि मागचे सगळे पंजाबीत माझा उद्धार करतात. पहिल्यांदा कळायचं नाही ते बरं होतं. आता कळतं."

"चालेल मॅडम," मी म्हटलं. आणि तेवढ्या एका शब्दानं माझी पुढची सगळी झोप गेली.

वायरिंग झालं. सगळ्या तारा ओढून बघितल्या. मग बजर लावून तपासलं. तारेचं हे टोक आणि ते टोक एकच असेल तर तो वाजतो. सगळीकडं वाजला. शुक्रवारी सकाळी पाजींनी किल्ली फिरवली, इंजिनियर लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. मी बॉनेटपाशी उभी.

स्टार्टर फिरला. इंजिन खोकलं. एकदा मागं झटकलं, हवेच्या पाइपातून फट्कन आवाज आला, आणि बंद. परत तसंच. लॅपटॉपवर इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा एका जागी राहीना, नाचत होता. त्या आकड्याचं असं आहे की इंजिनच्या खाली एक दातेरी चाक असतं, त्यातला एक दात मुद्दाम ठेवलेला नसतो. चाकाशेजारी सेन्सर बसवलेला असतो, त्याला क्रँक सेन्सर म्हणतात. ती रिकामी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं की इंजिन आता अमुक ठिकाणी आहे, आता ठिणगी टाकू. ती जागाच आमच्या कॉम्प्युटरला नीट दिसत नव्हती. तो अंधारात ठिणग्या टाकत होता.

इंजिनियरनं लॅपटॉपवर जे जे करता येतं ते करून बघितलं. मग मला विचारलं, "क्रैंक सेंसर की दोनों तारें उलटी तो नहीं लगीं?"

"नहीं."

"पक्का?"

"पक्का. बजर से देखा है."

"तो फिर आपकी वायरिंग में गड़बड़ है. गलत करंट पकड़ रही है." तो उठला आणि टूलबॉक्समधून कटर घेतला. "ये काटो, पुरानी वायरिंग में जोड़ते हैं. शाम तक गाड़ी चलेगी."

त्यानंतरचं मी सुरुवातीला सांगितलं. तो बॉनेटखाली वाकला तसा मी कटर आणि तारांच्या मधे हात घातला. गाडी आपकी है क्या, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "गाड़ी डॉक्टर मैडम की. लेकिन काटेगा वो, जिसने बनाया. मैं नहीं काट रही."

"और नहीं चली तो?"

"तो मेरा जाएगा, आपका क्या जाता है?"

हे मी कसं बोलले मला माहीत नाही. चाकणला सुपरवायझर नुसता मागं येऊन उभा राहिला तरी माझी पिन हातातून पडायची. पाजी खुर्चीवरून उठले, त्याच्या हातातला कटर काढून घेतला, स्वतःच्या खिशात टाकला. माझी बाजू घेतली असं वाटलं तेवढ्यात म्हणाले, "कल दोपहर तक. मैडम को मैंने शनिवार बोला है. फिर मैं खुद काटूँगा."

ट्रक रविवारी यायचा होता.

घरी आले तर मुलीनं दारातच विचारलं, "मम्मा, गाड़ी स्टार्ट हुई?" मी तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे आमचं नेहमीचं.

"नाही."

"तो हम गाँव जा रहे हैं?"

"आधी जेव," मी म्हटलं. नवऱ्यानं मला ताटात जास्त भात वाढला. त्याच्या परीनं ते बोलणंच होतं, आणि मला त्याचा राग आला, कारण तो निरोपाचा भात वाटला.

सकाळी धुकं होतं. नवरा क्वार्टरच्या पुढं वर्तमानपत्र पसरून पेट्या रंगवत बसला होता. त्याच्याकडं पत्रा कापून केलेला साचा आहे, अक्षरं कोरलेला. तो पेटीवर ठेवायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, साचा उचलला की नाव-गाव छापलेलं. शेजारी फोन ठेवलेला, स्पीकरवर सासूबाई.

"सोमवारी पोचतीया न्हवं ती?" सासूबाई विचारत होत्या.

"बघू आई."

"बघू काय बघू? बाईमाणसानं गाडीच्या पोटात हात घालायचा, ही कुठली रीत? तू हां हां करत बसतोस म्हणून ती चढलीय. दे तिच्याकडं फोन."

"ती कामात आहे, आई," असं म्हणत त्यानं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले, साचा पेटीवर टेकवला, बोळा फिरवला, साचा उचलला. आणि "आयला" म्हणाला.

अक्षरं उलटी उमटली होती. आरशात दिसतात तशी. सासूबाईंना तोंड देण्याच्या नादात त्यानं साचा पालथा ठेवला होता. एवढी वर्षं पेट्या रंगवणाऱ्या माणसाकडून हे व्हावं म्हणून मला हसू आलं. साचा बरोबर, रंग बरोबर, हात बरोबर. फक्त कुठल्या अंगानं ठेवलाय तेवढं चुकलेलं.

माझं हसू तिथंच राहिलं.

क्रँक सेन्सरचा प्लग दोनच पिनांचा. मोठ्या प्लगांवर मागच्या अंगाला आकडे कोरलेले असतात, ते बघून पिना घातल्या होत्या. या चिमुकल्या प्लगवर आकडे नव्हते. गाडीच्या जुन्या नकाशात त्याचं चित्र होतं, अधिकची तार डावीकडं, उणेची उजवीकडं. मी प्लग मागून धरला, माझ्या डाव्या हाताला डावी तार घातली, उजव्या हाताला उजवी. चाकणच्या फळ्यावरचं प्रत्येक चित्र मागून काढलेलं असायचं. पण हा नकाशा चाकणचा नव्हता. गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी काढलेला होता, आणि त्याला प्लग दिसतो तो पुढून. बजरही मी त्याच समजुतीनं लावला होता, मग तो वाजणारच.

"अहो, पुसू नका ते," मी नवऱ्याला म्हटलं आणि चपला घातल्या.

"काय पुसू नको? अगं, कुठं निघालीस? चहा तरी..."

फोनमधून सासूबाई विचारत होत्या, "काय झालं? कोण पडलं?"

बस येईना म्हणून ऑटो केला. वाटेत सगळ्या चौकांतून गाड्या दिवे लावून गोल फिरत होत्या आणि मी मनातल्या मनात तो प्लग पालथा-सुलटा करून बघत होते. दर खेपेला उत्तर तेच आलं तरी पुढच्या चौकात परत बघायची. आपण बरोबर आहोत याचीसुद्धा मला भीतीच वाटते.

गॅरेजात पोचले तेव्हा इंजिनियर आला होता, चहा घेत होता. पाजी गाडीला टेकून उभे. वाटेत एक विचार येऊन गेला होता, तो लिहायला हरकत नाही. गुपचूप वाकायचं, पिना बदलायच्या, "आता बघा" म्हणायचं. कुणाला कळलं नसतं. पण काल भर गॅरेजात मोठ्यानं पक्का म्हटलं होतं. आजचं हळू बोलले असते तर कालचंही नुसतंच ओरडणं ठरलं असतं.

"कल मैंने पक्का बोला था," मी म्हटलं. "गलत बोला था. वो दो तारें उलटी हैं. वायरिंग ठीक है. पिन मैंने उलटी डाली."

इंजिनियरनं कप खाली ठेवला. "मैंने कल यही तो पूछा था, भाभी जी."

"हाँ जी, पूछा था. फिर कटर भी आपने ही उठाया था."

पाजी खोकल्यासारखं हसले. इंजिनियरनं दोन्ही हात वर केले. "ठीक है, बराबर. करो अब."

मी गाडीखाली गेले, प्लग काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी त्याचं तोंड पुढून बघितलं. मग पिना काढून अदलाबदल केल्या. टक, ओढ. टक, ओढ. बाहेर आले तेव्हा पाजींनी किल्ली माझ्यापुढं धरली.

"मुझे चलानी नहीं आती, पाजी."

"चलाने को कौन बोल रहा है? घुमा."

मी सीटवर बसले. गिअर सोडवलेला आहे ना, ते हलवून बघितलं. हँडब्रेक ओढून बघितला. मागून पाजी म्हणाले, "अब पूजा भी करेगी?" मी किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं, एकदा अडखळलं आणि लागलं. खोकला नाही, झटका नाही. स्टीअरिंगमधून ती थरथर माझ्या तळहातांत आली. शेजारून इंजिनियर लॅपटॉपकडं बघत म्हणाला, "रुकना, बंद मत करना, सिंक आ गया. आ गया." आकडा एका जागी उभा होता, कॉम्प्युटरला दाताची ती रिकामी जागा दिसली होती. मी आकडा बघत नव्हते. चाकणला जी कधी दिसली नाही ती गाडी ही होती, आणि मी तिच्या पुढं नाही, मागं नाही, आत बसले होते. डोळ्यांत पाणी आलं ते पेट्रोलच्या वासानं, असं मी त्या दोघांना सांगितलं. त्यांनी मानलं.

मग इंजिनियरनं इंजिनवर दिवा धरून ठिणगी वेळेवर पडतेय का ते तपासलं, गाडी मनीमाजऱ्यात फिरवून आणली, कॉम्प्युटरला काय काय शिकवलं. दुपारी डॉक्टर मॅडम आल्या तेव्हा मी अजून एकेक तार ओढून बघत होते. त्यांनी गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. "मीही तुझ्यासारखीच," मला म्हणाल्या, "एकदा झालेल्यावर विश्वास नाही बसत." जाताना काच खाली करून विचारलं, "तुझा नंबर दे गं. गाडीसाठी नाही, अशीच ये कधी. घरात मराठी बोलायला कुणी नाही." मी नंबर दिला, आणि अजून जाते.

पाजींनी कटर खिशातून काढून टूलबॉक्समध्ये ठेवला. "सोमवार, दस बजे," म्हणाले. "फळा भिंतीवर ठोकून घे पक्का," हे त्यांनी अर्थातच पंजाबीत सांगितलं, पण मला ते मराठीतच आठवतं.

घरी नवरा पेट्यांच्या मधे बसला होता. मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडाकडं बघून त्यानं विचारलं, "चालली?"

"चालली. सोमवारपासून पक्की."

त्यानं बराच वेळ साच्यावरचा वाळलेला रंग नखानं खरवडला. तो खूश झाला असं मी म्हणणार नाही. त्याला घरी परतायचं गाव एकच असायला हवं होतं, आणि मी ते दोन करून ठेवले होते. पण तो शब्दाला पक्का. म्हणाला, "मग खोली बघायला आत्ताच जाऊ. उद्या ट्रकमधे काय घालायचं आणि काय नाही, ते तूच सांग."

ट्रक आला तो अर्धाच भरून गेला. उलट्या अक्षरांची पेटी मी जाऊ दिली नाही. मनीमाजऱ्याच्या खोलीत ती खिडकीखाली आहे. मुलगी त्यावर बसून अभ्यास करते आणि येणाऱ्या मैत्रिणींना सांगते की हे मराठीत असंच लिहितात.

नवरा फील्डला गेला त्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. मी गॅरेजात होते, नव्या गाडीचं वायरिंग फळ्यावर लावत होते. ओळीत कितीतरी तारा ओढून बघायच्या राहिल्या होत्या.

"कवा येतीयास?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीला येते आत्या. चार दिवस."

"चार दिवस? पाव्हणी हायस व्हय?"

"असं समजा," मी म्हटलं, फोन खांद्यात धरून पुढची तार उचलली, आणि प्लग फिरवून आधी त्याचं तोंड बघितलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "पोरीला थंडीचं घालत जा. तिकडं गारठा लई असतो म्हणं."

"घालते, आत्या," मी म्हटलं. टक वाजलं. ओढून बघितलं.